उन्हाळ्यातला अति घाम : कुठला थांबवायचा, कुठला वाळू द्यायचा (सांगली-सातारा)

हरिपूर_संगम

दर उन्हाळ्यात घामाबद्दलचे चार-पाच वेगळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात आणि उत्तरंही एकमेकांत मिसळून जातात. काखेत भिजणारा शर्ट, वहीचं पान ओलं करणारे तळहात, गुऱ्हाळात काहिलीजवळ (रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ) निथळणारं अंग आणि रात्री अंथरूण भिजवणारा घाम, या सगळ्यांची कारणं निराळी आणि उपायही निराळे. जाणकारांनी इथं नेमकं लिहावं म्हणून हा धागा.

सुरुवात मी करतो. घाम अंग थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप खाली पडला किंवा पंचानं पुसला, तर थंडावा काहीच नाही, पाणी आणि मीठ मात्र गेलं. जत-आटपाडीकडं किंवा माण-खटावच्या कोरड्या उन्हात घाम आल्या आल्या वाळतो. दुपारपर्यंत शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, पण हात लावला तर कापड कोरडं. याउलट वळीव पडून गेल्यावर सांगली शहरात पारा ३४-३५ वर असला तरी माणूस निथळतो. तिथं घाम जास्त सुटलेला असतोच असं नाही, तो वाळत नसतो.

म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी एवढं बघा : हवा खेळती असताना, सावलीत, शांत बसल्यावरही ठरावीक जागेतून घाम गळतोय का? नसेल, तर औषधाचं काम नाही. कापड, वारा, पाणी आणि कामाची वेळ यांचंच काम आहे. असेल, तर पुढचे प्रतिसाद वाचा.

कूलरबद्दलही तेच. कोरड्या हवेत कूलर उत्तम, पण समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत तो तासाभरात दमटपणा वाढवतो आणि घाम वाळणं बंद होतं. वळिवानंतर आणि जूनमध्ये कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

औषधवाला_मिरज

काखेच्या घामाचं मी सांगतो, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच दिसतो.

डिओड्रंट वास झाकतो आणि जंतू कमी करतो, घाम कमी करत नाही. घाम कमी करतं ते अँटिपर्स्पिरंट, आणि त्यातला ॲल्युमिनियमचा क्षार. डब्याच्या मागं घटक वाचा, ॲल्युमिनियम दिसलं नाही तर ते फक्त अत्तर आहे. साध्यानं भागत नसेल तर २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटचं लोशन किंवा रोल-ऑन मिळतं. नाजूक कातडीला १० ते १५ टक्क्यांचं घ्यावं.

लावायची पद्धत बहुतेक लोकांची चुकते. सकाळी आंघोळ झाली की ओल्या काखेत लावायचं आणि बाहेर पडायचं, यानं फक्त आग होते. हा क्षार पाण्याशी मिळाला की आम्ल तयार होतं, ते कातडी जाळतं. शिवाय घाम सुरू असताना औषध नळीत उतरतच नाही, वाहून जातं. बरोबर पद्धत अशी : रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून (पंख्यापुढं पाच मिनिटं, किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या गार हवेनं) पातळ थर. झोपेत घाम कमी असतो, तेवढ्या वेळात घामाच्या नळीच्या तोंडाशी बारीक बूच तयार होतं. सकाळी पाण्यानं धुऊन टाकायचं. दिवसाचा परिणाम त्या बुचाचा असतो, वर राहिलेल्या औषधाचा नाही, त्यामुळं धुतलं म्हणून वाया जात नाही.

तीन ते सात रात्री सलग, फरक पडला की आठवड्यातून एकदा-दोनदा. केस काढल्यावर निदान २४ तास, शक्यतो ४८ तास लावू नका. वर पॉलिथिन गुंडाळू नका. खाज-लाली आली तर दोन-तीन रात्री सोडा, मग एक रात्र आड करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि स्तनाच्या कर्करोगाची जी भीती फिरते, तिला पुरावा मिळालेला नाही.

कोयनेची_लेक

@औषधवाला_मिरज दादा, तुरटीचं काय? आमच्या भागात अजून सगळे तीच वापरतात. आणि लिंबू, खायचा सोडा?

औषधवाला_मिरज

ताई, तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे घराणं तेच, पण सौम्य. आंघोळीनंतर ओल्या काखेत खडा फिरवला की वास आणणारे जंतू कमी होतात, म्हणून वास कमी येतो. घामाचं प्रमाण फारसं घटत नाही. ज्यांची तक्रार फक्त वासाची आहे त्यांना पुरते, आणि स्वस्त आहे. नुकतेच केस काढले असतील तर झोंबेल.

लिंबू नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे डाग उठतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. खायच्या सोड्यानं काखेची कातडी सोलवटते.

वास हट्टी असेल तर अडीच ते पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश आंघोळीत काखेला लावून दोन मिनिटं ठेवा आणि धुवा. पांढरा टॉवेल वापरा, रंगीत टॉवेलचा रंग जातो.

त्वचा_ओपीडी

काखेचं वर आलंच आहे, तळहात-तळपायांचं लिहिते.

निदानाचे निकष आधी. एखाद्या ठरावीक जागी, दुसरं कारण नसताना, सहा महिन्यांहून जास्त काळ डोळ्यांना दिसेल असा घाम. आणि त्यासोबत यांतलं निदान दोन : दोन्ही बाजूंना सारखाच, रोजच्या कामात अडथळा, आठवड्यातून एकदा तरी, सुरुवात २५ वर्षांच्या आत, घरात आणखी कुणाला, आणि झोपेत थांबतो. हा शेवटचा मुद्दा फार उपयोगी. तळहाताचा घाम गाढ झोपेत थांबत असेल तर बहुतेक वेळा तो हाच प्रकार. यात उन्हाळा फक्त भर घालतो. या मुलांचे हात पौषातही ओले असतात.

तळहाताची कातडी जाड, म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड तिथं कमी चालतं. तिथं आयनटोफोरेसिस. दोन उथळ ट्रेमध्ये साधं नळाचं पाणी, प्रत्येकात एक हात, आणि यंत्रातून १५ ते २० मिलिॲम्पिअरचा सौम्य प्रवाह. एकूण २० मिनिटं, निम्म्या वेळेनंतर प्रवाहाची दिशा उलटी. आठवड्यातून तीन वेळा, साधारण सहा ते दहा बैठकींत फरक दिसतो, मग आठवड्यातून एकदा आणि पुढं तीन-चार आठवड्यांतून एकदा.

बिघडतं कुठं ते सांगते. पहिलं, आरओचं पाणी. त्यात क्षार नसल्यात जमा असतात, प्रवाह वाहतच नाही आणि लोक म्हणतात यंत्र खराब आहे. बोअरचं किंवा नळाचं पाणी घ्या; ते फारच मऊ असेल तर ट्रेमध्ये चिमूटभर खायचा सोडा. दुसरं, अंगठी-कडं काढलेलं नसतं, त्याखाली भाजतं. तिसरं, चिरा आणि नखांच्या कडेच्या जखमांवर व्हॅसलीन लावलेलं नसतं, तिथं डंख बसतो. चौथं, चालू यंत्रातून झटक्यात हात बाहेर काढणं. प्रवाह शून्यावर आणूनच हात काढा. पेसमेकर असेल, प्रवाहाच्या मार्गात धातूची पट्टी-सळई असेल किंवा गरोदरपण असेल तर हे करायचं नाही. आणि मोबाइलचा चार्जर किंवा बॅटरी चार्जर जोडून घरी बनवायचे व्हिडिओ बघून कुणीही प्रयोग करू नये. विजेच्या मुख्य तारेशी जोडलेल्या वस्तूला दोन्ही ओले हात, यात जीव जातो.

पोटात घ्यायच्या गोळ्या असतात, ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन. त्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. एसीत बसणाऱ्याला चालतील. भर उन्हात ऊस तोडणाऱ्याला त्या गोळ्या म्हणजे उष्माघाताला आमंत्रण, कारण थंड व्हायची एकमेव वाट बंद होते. तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, काचबिंदू वाढणं हेही आहे. कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून घेऊ नका.

बोटॉक्सची इंजेक्शनं काखेला चांगली चालतात, एका काखेला साधारण ५० युनिट, परिणाम चार ते सात महिने. खर्चिक आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस घेतलं तर उन्हाळा निघतो. छातीतली नस कापायची शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा पर्याय; हात कोरडे होतात, पण पाठ, पोट, मांड्या यांवर भरपाईचा घाम सुरू होतो आणि तो परत फिरवता येत नाही. ज्यांना उन्हात काम आहे त्यांनी दहादा विचार करावा.

माणदेशी_मेंढरं

बोटाचा ठसा मशीन घेत नाही, रेशनला अडचण होती, त्याला तात्पुरतं काय?

त्वचा_ओपीडी

दादा, ठसा देण्याआधी हात गार पाण्यानं धुवा, सुती कापडानं टिपा (चोळू नका) आणि बोट लगेच ठेवा. पावडर लावू नका, रेघांत बसते आणि ठसा अजून बिघडतो. कोरड्या सुती रुमालात बोट मिनिटभर घट्ट गुंडाळून ठेवलं तरी जमतं. काचही पुसून घ्यायला सांगा, आधीच्या माणसाचा ओलावा तिथंच असतो.

सेफ्टी_कुपवाड

आता कामावरच्या घामाचं. फाउंड्री, हळदीचा बॉयलर, गुऱ्हाळ, बेदाण्याची शेड, सगळीकडं हिशेब एकच आहे.

जड कामात ताशी एक ते दीड लिटर घाम सहज जातो. मोजायचा मार्ग सोपा : कामाच्या पाळीआधी (शिफ्टआधी) आणि पाळीनंतर कोरड्या, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम, अधिक तुम्ही मध्ये जेवढं प्यालात तेवढा. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.२ किलो, झाली तर काम करायची ताकद आणि लक्ष दोन्ही घसरतं. अपघात त्याच तासात होतात.

पाणी दर १५-२० मिनिटांनी एक फुलपात्र, तहान लागायची वाट न बघता. पण ताशी दीड लिटरच्या वर जाऊ नका. मूत्रपिंडं तेवढं बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बरळणं ही त्याचीही लक्षणं आहेत, आणि तो उष्माघात समजून माणसाला आणखी पाणी पाजलं जातं.

मीठ : एका लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, माणसागणिक कमी-जास्त. शर्टावर जाड पांढरे पट्टे उठणाऱ्याचं जास्त जातं. भाकरी, ठेचा, आमटी, लोणचं खाणाऱ्याला दोन-तीन तासांच्या कामाला वेगळं मीठ लागत नाही. त्याहून जास्त वेळ निथळत असाल तर ताक. २०० मिलिच्या पेल्यात पाव चमचा मीठ, म्हणजे अर्धा ग्रॅमच्या आसपास सोडियम. दिवसात असे तीन-चार पेले. पोटरीत, पोटात गोळे येऊ लागले तर समजा मीठ कमी पडतंय. मिठाच्या गोळ्या नकोत, पोट ढवळतं. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी मात्र मीठ वाढवण्याआधी विचारावं.

उसाचा रस गोड आणि पाणीदार, पण त्यात सोडियम जवळजवळ नाही. मीठ-लिंबू घालून घेतला तर ठीक, आणि ताकाची जागा तो घेत नाही.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळी देऊ नका, हे मी मुकादमांना हात जोडून सांगतो. पहिल्या दिवशी २० टक्के वेळ उष्ण जागी, मग रोज २० टक्के वाढवा. जुना माणूस सुट्टीहून आला असेल तर ५०, ६०, ८०, १०० टक्के. शरीर एक-दोन आठवड्यांत शिकतं : घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. म्हणजे सरावलेल्या माणसाला घाम जास्त येणं हे चांगलं लक्षण आहे. आठवडाभर गावाला जाऊन आला की हा सराव ढिला पडायला लागतो.

गुऱ्हाळ_कराड

चुलाणापुढं (काहिलीखालच्या भट्टीपुढं) पंखा लावला तर उपयोग होत नाही असा अनुभव सगळ्यांचा आहे. कारण काय?

सेफ्टी_कुपवाड

काका, चुलाणाची धग मुख्यतः किरणांनी येते, पंखा हवा हलवतो, किरण अडवत नाही. जाळ घालायच्या तोंडापुढं पत्र्याची आड उभी करा, चकचकीत बाजू जाळाकडं, आणि पत्रा व माणूस यांत हातभर अंतर ठेवा. पत्रा स्वतः तापतो, म्हणून जमलं तर दोन पत्रे, मध्ये चार बोटं मोकळी हवा. पंखा माणसाच्या पाठीकडून लावा, बाहेरची हवा ओढेल असा. चुलाणाकडून माणसाकडं वारा आला तर उलटंच होतं. हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल तर कोरड्या अंगावर पंखा तापवतोच. तेव्हा आधी हात, मान, डोकं ओलं करा, मग वारा.

विटा_माग

कापडाचं लिहितो. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून टेरिकॉटच्या गणवेशात घाम कातडी आणि कापड यांच्यामध्ये अडकतो. बहुतेक टेरिकॉटात दोन तृतीयांश पॉलिएस्टर असतं. शर्टासाठी १०० ते १२० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) सुती पॉपलिन किंवा त्याहून हलकं मलमल, सैल, बाह्या पूर्ण. काखेखाली वेगळी चौकोनी कळी टाकून शिवायला सांगा, जुने शिंपी टाकायचे. कापड काखेला चिकटत नाही आणि शिवण उसवत नाही.

सुती भिजलं की मात्र लवकर वाळत नाही. म्हणून दुपारी बनियन बदला. शर्ट बदलण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग. फाउंड्रीत वितळत्या धातूजवळ पॉलिएस्टर अजिबात नको, ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. धुताना सुगंधी कंडिशनर टाळा, धाग्यावर थर बसतो आणि पाणी शोषणं कमी होतं.

शिराळ्याची_ताई

घामोळ्या आणि गजकर्ण लोक एकच समजतात, म्हणून लिहिते.

घामोळं म्हणजे घामाच्या नळीचं तोंड बंद होऊन आत फुटलेला घाम. बारीक लाल टोकदार पुरळ, टोचतं. पाठ, मान, छाती. त्यावर खोबरेल तेल चोळणं आणि पावडरीचा थर देणं, दोन्हीनं तोंडं आणखी बंद होतात. गार पाण्याची आंघोळ, न घासता टिपून कोरडं, कॅलामाइन लोशन, सैल सुती कपडा, आणि दिवसातले काही तास तरी वारा. दोन-चार दिवसांत उतरतं. पू धरला तर दाखवा. तान्ह्या बाळाला पावडर उडवू नका, श्वासात जाते.

गजकर्ण जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली येतं. कडेला उठावदार लाल रेघ आणि मध्ये बरं झाल्यासारखं. त्यावर मेडिकलमधली मिक्स ट्यूब लावू नका. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, लोक खूश होतात, आणि बुरशी आत पसरत राहते. सध्या महिनोन्महिने न हटणारं जे गजकर्ण दिसतं, त्यामागं हे मोठं कारण आहे. नुसत्या बुरशीविरोधी मलमाचा थर डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावा, डाग गेल्यावरही दोन आठवडे. टॉवेल, अंतर्वस्त्रं वेगळी, कपडे उलटे करून उन्हात, आणि शिवणींवर गरम इस्त्री. घरातल्या दुसऱ्याला असेल तर दोघांचा इलाज एकाच वेळी, नाहीतर फिरून येतं.

गमबूट घालणाऱ्यांच्या तळव्यांना टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि उग्र वास येतो. ती बुरशी नाही, जंतू आहेत, बुरशीच्या मलमानं जात नाही. क्लिंडामायसिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लागतं, दाखवून घ्या. बुटांचे दोन जोड आलटून-पालटून वापरा, एका जोडाला वाळायला पूर्ण दिवस लागतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभरानं बदला. सुती मोजे दुपारी बदलायचेच.

कोयनेची_लेक

कधी घाबरायचं हेही कुणी लिहा.

शिराळ्याची_ताई

हो, लिहितेच. रात्री कपडे पिळावे इतका घाम, सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, दोन आठवड्यांवर खोकला : थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत आहे. नव्यानं सगळ्या अंगाला घाम, हात थरथर, धडधड, भूक असून वजन कमी : थायरॉइड. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना अचानक चेहऱ्यावर वाफ आणि घाम : पाळी जायचा काळ, त्याला इलाज आहे, सोसत बसू नका. घाम अंगाच्या एकाच बाजूला येत असेल तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक गार घाम, थरथर, भूक : साखर उतरली. शुद्धीत असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. छातीत दाब आणि गार घाम : १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

उन्हात काम करताना माणूस बरळू लागला, तोल गेला, अंग तापलं, तर तो उष्माघात धरा. घाम येत असला तरीही. कष्टाच्या उष्माघातात अंग कोरडंच असतं असं नाही. १०८ लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी ओतत राहा आणि वारा घाला, मान-काखा-जांघेत बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथं उपयोग नाही.

औषधवाला_मिरज

ताईंच्या प्रतिसादाला जोडून ओआरएसचं (पाण्यात विरघळवायची क्षार-साखरेची पावडर). पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं पाहा : एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नाहीत. एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) २०२५ च्या ऑक्टोबरात अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. एक लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच विरघळवा, अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की मीठ फार होतं. २४ तासांनी उरलेलं ओता. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

विटा_माग

शर्टाच्या काखेतल्या पिवळ्या डागांबद्दल व्यनि (खासगी निरोप) आलेत, इथंच उत्तर देतो. तो डाग घाम आणि ॲल्युमिनियम मिळून होतो. क्लोरीनच्या ब्लीचनं तो आणखी पिवळा पडतो. आधी लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व, त्यात तासभर भिजवा, खळबळून काढा. डाग उरला तर पांढऱ्या सुतीवर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तेवढंच पाणी, अर्धा तास, मग साबण. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, पक्का बसतो. लिंबूसत्त्व आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही नको, विषारी वायू निघतो. रंगीत शर्टाला पेरॉक्साइड लावायचंच असेल तर आधी आतल्या शिवणीच्या दुमडीवर थेंबभर टाकून दहा मिनिटं बघा.